लुटुपुटीच्या लढाईचे मोठे स्वप्न

सन १८९८. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या नवलाईचे मोठे प्रदर्शन भरले होते. वीज तेव्हा अमेरिकेतही घरोघरी पोचलेली नव्हती, त्यामुळे गर्दी भरपूर. या प्रदर्शनात एका बाजूला पाण्याचा हौद बांधला होता आणि त्यात चारेक फूट लांबीची एक लोखंडी बोट तरंगत होती. तिला दोरी बांधलेली नव्हती, तार जोडलेली नव्हती, आणि आत माणूस बसेल एवढी जागाही नव्हती. हौदापासून काही अंतरावर एक उंच, शिडशिडीत, अत्यंत टापटिपीचा गृहस्थ एका पेटीपाशी उभा होता. पेटीवरची मूठ त्याने फिरवली की बोट चालू लागे, डावीकडे वळे, उजवीकडे वळे, थांबे, आणि तिच्यावरचे छोटे दिवे उघडझाप करीत.

पाहणारे चक्रावून गेले. कोणाला ही जादू वाटली, कोणाला मनःशक्तीचा प्रयोग वाटला. बोटीच्या पोटात एखादे शिकवलेले माकड दडवले असावे, असाही तर्क काहींनी लढवला म्हणतात. त्या गृहस्थालाही गंमत करायची हुक्की आली. त्याने लोकांना बोटीलाच प्रश्न विचारायला सांगितले. कोणीतरी चौसष्टचे घनमूळ विचारले, तेव्हा बोटीवरचा दिवा चार वेळा लुकलुकला अशी गोष्ट सांगतात. उत्तर अर्थातच पेटीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक होते.

त्या माणसाचे नाव निकोला टेस्ला. आज आपल्या घरात टाटा-बाय-बाय करण्याच्या वयाचे पोरही रिमोटची मोटार सोफ्याखालून काढते आणि आजोबांच्या पायावर आपटते. त्या मोटारीची खापरपणजी म्हणजे ही हौदातली बोट. पण टेस्लाने ती खेळणे म्हणून केलेली नव्हती. ते एका युद्धनौकेचे प्रारूप होते, आणि त्यामागे जगातली युद्धेच संपवण्याचे स्वप्न होते. त्या स्वप्नाचे पुढे काय झाले, हे पाहायचे तर या विलक्षण माणसाच्या आयुष्यात डोकवायला हवे.

मक्याच्या ताटांशी युद्ध

निकोलाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात झाला. हे गाव आज क्रोएशियात आहे. तेव्हा तो ऑस्ट्रियन साम्राज्याचा सरहद्दीचा मुलूख होता आणि पलीकडे तुर्कांची सत्ता होती. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या घरांतली मुले सैन्यात जात. निकोलाचे आजोबा लष्करात होते. वडील मिलुतिन यांनाही लहानपणी लष्करी शाळेत घातले होते, पण त्यांचे मन तिथे रमले नाही आणि ते सर्बियन ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू झाले. आई जुका निरक्षर होती, पण तिची स्मरणशक्ती अफाट होती. सर्बियन वीरांचे लांबलचक पोवाडे तिला तोंडपाठ होते. शिवाय हातात कला अशी की घरकामाला लागणारी लहानमोठी अवजारे ती स्वतःच जुळवी. आपल्याला संशोधकाचे डोके आईकडून मिळाले, असे टेस्ला म्हातारपणीही सांगत असे.

पोवाडे ऐकून वाढलेले पोर लढाया खेळणार नाही तर काय करणार? निकोलाने घरातल्या लाकडी सामानाच्या तुकड्यांतून तलवारी तासल्या आणि शेतात उभी असलेली मक्याची ताटे शत्रू समजून सपासप कापली. पीक आडवे झालेले पाहून आईने त्याला चांगलाच चोप दिला. मग त्याने पोकळ नळी, दट्ट्या आणि तागाचे बोळे यांची हवेवर उडणारी बंदूक केली. ती इतकी छान चालली की घराच्या खिडक्यांच्या काचा धोक्यात आल्या. एकदा चार भुंगेरे एका आडव्या काडीला चिकटवून त्याने त्यांच्या फडफडण्यावर फिरणारे चाकही केले. ते झकास फिरत होते. पण शेजारचा एक मुलगा आला आणि त्याने राखीव ठेवलेले जिवंत भुंगेरे चक्क खाऊन टाकले. निकोलाला अशी शिसारी आली की त्याने तो उद्योग कायमचा सोडला.

गंमत बाजूला ठेवली तरी या खेळांत पुढचा टेस्ला दिसतो. वस्तू आपोआप चालली पाहिजे, माणसाची ताकद तिथे खर्ची पडता कामा नये, हा ध्यास त्याला तेव्हापासूनच होता. गॉस्पिच गावात अग्निशामक दलाचा नवा पंप आला, तेव्हाची गोष्टही तशीच. समारंभ थाटात झाला, भाषणे झाली, पंप मारणारे घामाघूम झाले, पण पाण्याचा थेंब येईना. निकोला नदीत उतरला, पाण्यातली शोषनळी चाचपली, तर ती मुडपलेली. त्याने ती सरळ केली आणि कारंजे उडाले. त्या दिवशी गावाने त्याला खांद्यावर घेतले.

पण घरावर एक सावट होते. थोरला भाऊ दाने फार हुशार होता. निकोला लहान असतानाच तो घोड्याच्या अपघातात गेला आणि आईवडील त्या दुःखातून कधी पुरते सावरले नाहीत. उरलेल्या मुलाने धर्मगुरू व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. निकोलाला हवे होते इंजिनीअरिंग. शालेय शिक्षण संपवून तो घरी परतला, तोच त्याला कॉलऱ्याने गाठले. नऊ महिने अंथरुणात गेले. मुलगा हाती लागत नाही असे दिसल्यावर वडिलांनी वचन दिले, की तू बरा झालास तर तुला उत्तमातल्या उत्तम तंत्रविद्यालयात घालीन. मुलगा बरा झाला आणि वडिलांनी वचन पाळले.

विजेचा जादूगार

पुढची कहाणी बऱ्याच जणांना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात. ग्राझच्या तंत्रविद्यालयात टेस्लाने डायनामो पाहिला. त्यातून उडणाऱ्या ठिणग्या पाहून ही रचना बदलायला हवी असे त्याच्या मनाने घेतले. प्राध्यापकांनी ते अशक्य असल्याचे सांगितले. मधल्या काळात तो जुगाराच्या नादी लागला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. १८७९ मध्ये वडील गेले. १८८२ साली बुडापेस्टच्या बागेत मित्राबरोबर फिरताना फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना त्याला अचानक सुचली आणि त्याने हातातल्या काठीने मातीवरच तिची आकृती काढली. ठिणग्या न उडवता प्रत्यावर्ती विजेवर, म्हणजे आज ज्याला आपण एसी करंट म्हणतो त्यावर चालणाऱ्या मोटरीचा जन्म तिथे झाला.

१८८४ साली तो न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिशात चार सेंट होते. काही महिने एडिसनकडे नोकरी केली, मग तिथून बाहेर पडला. एका हिवाळ्यात पोटासाठी रस्त्याकडेचे चर खणले. १८८८ मध्ये त्याला मोटरीची पेटंटे मिळाली, वेस्टिंगहाउस या उद्योगपतीने ती घेतली आणि दिवस पालटले. १८९३ चे शिकागोचे विश्वप्रदर्शन याच विजेने उजळले. स्वामी विवेकानंदांनी ज्या सर्वधर्मपरिषदेत भाषण केले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली. चाळिशीतला टेस्ला तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होता.

मधे १८९५ च्या मार्चमध्ये एक घाव बसला. त्याची प्रयोगशाळा आगीत भस्मसात झाली. यंत्रे, नोंदी, वर्षांची मेहनत, सारे गेले. दुसऱ्या जागी त्याने नव्याने मांडामांड केली, आणि या नव्या प्रयोगशाळेत ती बोट तयार झाली.

बोटीच्या पोटात काय होते?

आज रिमोट हातात धरला की आपण त्याच्या आतल्या करामतीचा विचारही करत नाही. १८९८ साली मात्र ट्रान्झिस्टर नव्हता, रेडिओचे व्हॉल्व्ह नव्हते, रेडिओ हा शब्दसुद्धा रुळलेला नव्हता. त्याच्या तीनेक वर्षे आधी आपल्या जगदीशचंद्र बसूंनी कोलकात्यात अदृश्य लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली होती आणि दारू पेटवून दाखवली होती. लहरी भिंतीपलीकडे पोचतात, एवढे त्यामुळे लोकांना कळले होते. पण चालत्या वस्तूला अशा लहरींनी सतत हुकूम देत राहायचे, ही पुढची पायरी होती.

टेस्लाने बोटीत बॅटऱ्या ठेवल्या. एक मोटर पंखा फिरवून बोट पुढे नेई आणि दुसरी छोटी मोटर सुकाणू वळवी. लहर ओळखण्याचे काम एका नळीकडे होते. तिच्यात धातूचे बारीक कण भरलेले असत. एरवी हे कण विजेला वाट देत नाहीत, पण लहर आली की ते एकमेकांना बिलगतात आणि वीज वाहू लागते. अडचण अशी की एकदा बिलगलेले कण आपणहून सुटे होत नाहीत, म्हणजे दुसरा हुकूम पोचायचा नाही. यावर टेस्लाने सोपी युक्ती काढली. प्रत्येक हुकमानंतर ती नळीच उलटीपालटी व्हायची. वाळूचे घड्याळ उलटावे तशी. कण सुटे झाले की बोट पुढच्या आज्ञेला तयार.

दुसरी अडचण याहून मोठी होती. लहर एकाच प्रकारची. आली किंवा नाही आली, एवढेच बोटीला कळणार. मग डावे-उजवे कसे सांगायचे? टेस्लाने आत एक चकती बसवली. प्रत्येक लहरीसरशी ती एक घर पुढे सरके. पहिल्या घरात सुकाणू उजवीकडे, दुसऱ्यात थांब, तिसऱ्यात डावीकडे, चौथ्यात पुन्हा थांब. खेळणाऱ्याने फक्त चकती कोणत्या घरात आहे हे लक्षात ठेवायचे. आपल्याकडे लहान मुले सापशिडीत घरे मोजत सोंगटी नेतात, तसाच हा प्रकार.

१ जुलै १८९८ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्यातला दावा पेटंट कचेरीला इतका अविश्वसनीय वाटला, की मुख्य परीक्षक स्वतः न्यूयॉर्कला येऊन बोट पाहून गेले, असे टेस्लाने लिहून ठेवले आहे. ८ नोव्हेंबरला पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ६१३८०९. अर्जात नुसती बोट नव्हती. पाण्यावरचे वा जमिनीवरचे कोणतेही वाहन दुरून चालवण्याची पद्धत, असा त्याचा व्याप होता. रणगाडा नावाची वस्तू जगाने पाहायला अजून अठरा वर्षे होती, पण दुरून चालणाऱ्या रणगाड्याची सोय या कागदात आधीच झालेली होती.

रक्त न सांडणारे युद्ध

ते वर्ष युद्धाचे होते. फेब्रुवारीत हवानाच्या बंदरात अमेरिकेची मेन ही युद्धनौका स्फोट होऊन बुडाली, अडीचशेहून अधिक खलाशी मेले आणि एप्रिलमध्ये अमेरिका व स्पेन यांचे युद्ध पेटले. अशा दिवसांत माणसावाचून चालणारी आणि शत्रूच्या जहाजावर जाऊन आदळणारी बोट सरकार डोक्यावर घेईल, अशी टेस्लाची अपेक्षा असणार. प्रत्यक्षात वॉशिंग्टनच्या एका अधिकाऱ्याने त्याची योजना ऐकली आणि तो हसत सुटला. हा प्रसंग टेस्लाने पुढे अनेक वर्षे मनात ठेवला.

या शोधाचे उपयोग त्याने पेटंटमध्येच मांडले होते. बुडत्यांना वाचवणे, टपाल आणि रसद नेणे, जिथे माणूस पोचत नाही तिथली पाहणी करणे. पण सर्वांत मोठा परिणाम युद्धावर होईल, असे त्याचे म्हणणे होते. विनाश इतका हमखास होईल की राष्ट्रे लढायचीच थांबतील आणि कायमची शांतता नांदेल, असा त्याचा हिशेब होता.

दोन वर्षांनी, १९०० च्या जूनमध्ये सेंच्युरी मासिकात त्याने मोठा लेख लिहिला, तेव्हा या विचाराला वेगळे वळण मिळाले होते. शस्त्र जितके भयंकर तितके युद्ध लवकर थांबेल, या समजुतीवर आता त्याचा विश्वास राहिला नव्हता. माणसे नव्या शस्त्रालाही सरावतात, हे त्याने ओळखले होते. त्याऐवजी त्याने सुचवले की रणांगणातून माणूसच काढून घ्यावा. यंत्राने यंत्राशी लढावे, राष्ट्रांनी ते पाहावे. रक्त सांडले नाही की युद्ध हा एक देखावा होईल, खेळ होईल, सामना होईल. आणि सामन्यासाठी कोणी देश उद्ध्वस्त करून घेत नाही.

मक्याच्या ताटांवर तलवार चालवणाऱ्या मुलाचाच हा विचार, फक्त मोठा झालेला. लढण्याची खुमखुमी माणसातून जाणार नाही, हे त्याने धरूनच चालले होते. तिला रक्ताऐवजी दुसरी वाट काढून द्यावी, एवढेच त्याचे म्हणणे. विचार भाबडा होता का? होता. पण तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

उतरती कळा

यानंतर टेस्लाचे मन बिनतारी वीज जगभर पोचवण्याच्या प्रचंड योजनेत गुंतले. १८९९ मध्ये कोलोराडोत त्याने कृत्रिम विजा पाडल्या. १९०१ मध्ये मॉर्गन या सावकाराने दीड लाख डॉलर दिले आणि न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफ येथे १८७ फुटांचा मनोरा उभा राहू लागला. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपार संदेश पोचवल्याची बातमी आली. मॉर्गनने पुढे पैसा दिला नाही. मनोरा अर्धवट राहिला आणि १९१७ मध्ये पाडला गेला.

बोटीचे नशीबही तसेच. पेटंटची मुदत सतरा वर्षे. ती १९१५ मध्ये संपली. तोवर सरकारने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. पहिले महायुद्ध ऐन भरात असताना सरकारी खात्यांना अशा यंत्रांत रस वाटू लागला, पण तेव्हा या कल्पनेचा एक पैसाही टेस्लाला मिळणार नव्हता.

म्हातारपणी तो हॉटेलांच्या खोल्यांत राहिला. लग्न केले नाही. बिले थकत, मग हॉटेल बदले. १९३४ पासून त्याच्या राहण्याचा खर्च वेस्टिंगहाउस कंपनीने उचलला. कबुतरांना दाणे घालणे हा त्याचा उतारवयातला विरंगुळा. आजारी कबुतरे तो खोलीवर आणून त्यांची शुश्रूषा करी. दर वाढदिवसाला पत्रकारांना बोलावून नव्या शोधांच्या घोषणा करी. एकदा त्याने शत्रूची विमाने दुरूनच पाडणारा किरण शोधल्याचे जाहीर केले. हेतू तोच जुना, कोणी कोणावर चालूनच जाऊ नये. पत्रकार लिहून घेत आणि हसत.

७ जानेवारी १९४३ रोजी हॉटेल न्यूयॉर्करच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत त्याचा अंत झाला. वय ८६ वर्षांचे. बाहेर दुसरे महायुद्ध धुमसत होते. सरकारने तातडीने त्याचे कागद ताब्यात घेतले आणि एका तज्ज्ञाकडून तपासून घेतले. ज्याच्या बोटीला अधिकारी हसला होता, त्याच्या टिपणांची आता भीती वाटत होती.

एका कल्पनेच्या दोन वाटा

टेस्लाच्या हयातीतच त्याची बोट रणांगणावर उतरली होती. पहिल्या महायुद्धात जर्मनीने दुरून चालवलेल्या स्फोटक बोटी वापरल्या. १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडशी लढताना सोव्हिएत सैन्याने रेडिओवर चालणारे रणगाडे पाठवले. त्यांना मागच्या रणगाड्यात बसलेला माणूस हुकूम देई. १९४२ पासून जर्मनीने गोलियथ नावाचे टेबलाएवढे पट्ट्यांचे वाहन वापरले. ते तारेवर चाले आणि पोटात स्फोटके घेऊन शत्रूखाली जाऊन फुटे. अलीकडचे उदाहरण युक्रेनचे. २०२२ साली तिथे मोठे युद्ध पेटले आणि दुरून चालणारी विमाने व बोटी त्याचे नेहमीचे हत्यार बनली.

या साऱ्यांत टेस्लाचे अर्धेच म्हणणे घेतलेले दिसते. यंत्र घेतले, अट सोडली. त्याला दोन्ही बाजूंनी यंत्रे हवी होती. जगाने एका बाजूला यंत्र ठेवले आणि दुसऱ्या बाजूला माणूस तसाच उभा ठेवला.

पण त्याच कल्पनेला आणखी एक वाट फुटली, ती छंदाची. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी रेडिओवर चालणारे छोटे विमान उडवले. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. युद्धानंतर हा छंद फोफावला. गंमत अशी की १९५० च्या सुमारास हौशी मंडळींच्या विमानांत नि बोटींत रबरबँडच्या पिळावर फिरणारी जी कळ असे, ती टेस्लाच्या चकतीची बहीणच होती. एक सिग्नल म्हणजे उजवे, मग सरळ, मग डावे, मग सरळ. घरे मोजत चालवायचे. पुढे मूठ जितकी वळेल तितकेच सुकाणू वळवणाऱ्या सर्व्हो मोटरी आल्या आणि मोजणे संपले.

जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकात प्लॅस्टिकचे रणगाडे लोकप्रिय केले आणि पुढच्या दशकात रेडिओवर चालणारे मोठे रणगाडे बाजारात आणले. मूळ रणगाड्याच्या सोळाव्या हिश्शाएवढा हा आकार आज या छंदात चांगलाच रुळला आहे. खरा जर्मन टायगर तोफेसकट साडेआठ मीटरच्या आसपास, म्हणजे हा बावन्न सेंटिमीटरच्या पुढे, हातभर लांब. सुट्या भागांची पेटी येते. गिअर जुळवायचे, पट्ट्याची एकेक कडी ओवायची, तोफेचा घुमट फिरता करायचा, तारा सोल्डर करायच्या, मग रंग. तोही नवाकोरा चालत नाही. चिखल, गंज, धूर, ओरखडे हुबेहूब उतरवायचे. कित्येक जण एका रणगाड्यावर सबंध हिवाळा घालवतात. त्यासाठी जुनी छायाचित्रे पाहतात, पुस्तके वाचतात. दिवाळीत आपली मुले किल्ला करतात, चिखल कालवतात, अळीव पेरतात, मावळे मांडतात आणि महाराजांना सिंहासनावर बसवतात. ती तन्मयता ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेड समजावून सांगायला नको.

रणगाडे तयार झाले की लढाई. यांच्या तोफेतून गोळा सुटत नाही. घरातल्या टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसा अदृश्य अवरक्त किरण सुटतो. समोरच्या रणगाड्यावरच्या ग्राहकाने तो टिपला की फटका लागला. हलका रणगाडा थोड्या फटक्यांत गारद होतो, जड जास्त सोसतो, पण त्याची तोफ पुन्हा भरायला वेळ लागतो. खरोखरीचे गुणदोष असे नियमांत बसवलेले असतात. फटका बसलेला रणगाडा थरथरतो, मंदावतो, शेवटी इंजिनाचा आवाज बंद होऊन जागीच थांबतो. थोड्या वेळाने तो पुन्हा जिवंत होतो. खऱ्या लढाईत आणि यात एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे.

बोटींचेही तसेच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या टेक्सास राज्यात काही हौशी मंडळींनी मूळ युद्धनौकेच्या एकशे चव्वेचाळिसाव्या हिश्शाच्या नौका बांधून तळ्यात एकमेकींवर सोडल्या. बाजू पातळ बाल्साच्या लाकडाच्या. तोफा दाबलेल्या वायूवर चालणाऱ्या आणि बारीक छर्रे मारणाऱ्या. भोके पडली की पाणी आत येते, आतला छोटा पंप ते उपसत राहतो, आणि पंप हरला की नौका खरोखर बुडते. मालक पाण्यात उतरून तिला वर काढतो, वाळवतो, ठिगळे लावतो आणि दुपारच्या लढाईला हजर होतो. ज्याने बुडवली तोच बऱ्याचदा ठिगळ लावायला मदत करतो.

टेस्लाला छळणारा एक प्रश्न या मंडळींनाही छळत आला. एकाची लहर दुसऱ्याच्या यंत्राने पकडली तर? दोन वेगवेगळ्या कंपनांच्या लहरी एकदम आल्या तरच यंत्र हलेल, अशी कुलूपकिल्लीसारखी योजना करून टेस्लाने १९०३ मध्ये त्याची पेटंटे मिळवली होती. क्लबांनी साधा उपाय काढला. फळ्यावर प्रत्येक लहरीच्या क्रमांकाचा चिमटा टांगलेला. चिमटा हाती असेल त्यानेच आपला रिमोट सुरू करायचा. शत्रूच्या तोफेपेक्षा शेजाऱ्याच्या विसराळूपणाने जास्त रणगाडे भरकटले असतील! गेल्या वीसेक वर्षांत रिमोट आपला मार्ग आपणच शोधू लागले आणि चिमटे गेले.

हे खेळ पाहून काहींना प्रश्न पडतो, की रणगाडे आणि युद्धनौका यांची हौस मुलांना लावावी का? प्रश्न रास्त आहे. युद्ध ही गमतीची गोष्ट आहे, असे कोणाला वाटता कामा नये. पण स्वतःच्या हाताने रणगाडा बांधणाऱ्याला त्याची एकेक कडी, त्यात बसणाऱ्या पाच माणसांची अरुंद जागा, पेट घेतल्यावर बाहेर पडायची छोटीशी झडप, हे सारे तपशिलाने कळते. आकाशातून घेतलेल्या चित्रफितीत रणगाडा जळताना पाहणाऱ्याला ते कळेलच असे नाही.

टेस्लाच्या अस्थी १९५७ मध्ये बेलग्रेडला नेण्यात आल्या. तिथल्या त्याच्या नावाच्या संग्रहालयात एका सोनेरी गोलात त्या ठेवल्या आहेत. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला त्याचे नाव देण्यात आले. आता तर रस्त्यावरून धावणाऱ्या विजेच्या मोटारींवरही ते असते. त्याच्या विजेने घरे उजळली, कारखाने फिरले, त्याचे ऋण जगाने असे उशिरा का होईना मान्य केले. लढाईतून माणसाला वजा करण्याची त्याची मागणी मात्र कोणत्याही सरकारने मान्य केलेली नाही. ती पाळली जाते ती एखाद्या तळ्याच्या काठी किंवा क्लबच्या मागच्या अंगणात. तिथे दोन्ही बाजूंना यंत्रेच असतात, तोफा धडाडतात, नौका बुडतात, आणि संध्याकाळी जिंकलेले नि हरलेले एकाच थर्मासमधला चहा पिऊन आपापल्या घरी जातात.